उन्हाला कच्चा

“मुडदूस,” डॉक्टरीणबाई बाळाच्या वाकलेल्या पायांवरून हात फिरवत म्हणाल्या. आईला तो शब्द शिवीसारखा लागला. “ड जीवनसत्त्व कमी पडलंय. याला ऊन दाखवत नाही का?” “दाखवतो की! माझी ताई रोज गच्चीवर उन्हात निजवते,” ती फणकारली. स्वतः दिवसभर कापडं रंगवायच्या कारखान्यात राबायची. बाळ ताईच्या भरवशावर. संध्याकाळी ताई कौतुकाने सांगायची, “आज ऊन कसं कोवळं होतं! पिवळ्या दुपट्यावर पडून गुलाम खिदळत होता.” घरी येताच तिने ते दुपटं ओढून घेतलं. वर्षापूर्वी तिनेच रंगवलेलं. रंग पाण्याला पक्का, उन्हाला कच्चा. आठ दिवसांत विटणारा. दुपटं अजून पिवळंधमक होतं. “ताई, खरं सांग.” “तुझी शपथ, रोज नेते गं वर,” म्हणताना ताईची नजर दुपट्यावर अडकली. दोघीही रंगाऱ्याच्याच लेकी होत्या.