डावं मनगट

राजीनामा देऊन अडीच महिने झाले होते आणि अनुभवाच्या दाखल्यासाठी लॅबमध्ये ही माझी सातवी फेरी होती. नव्या हॉस्पिटलने सोमवारपर्यंतच मुदत दिली होती. आज मी भांडायचं ठरवूनच आले होते.

आत डॉक्टर स्वतःच पेशंटच्या खुर्चीत बसले होते. त्यांची शुगर तपासायची होती. दोन्ही कोपरांवर कापसाचे बोळे चिकटवलेले, आणि माझ्या जागी आलेली टेक्निशियन तिसरी सुई हातात धरून घामाघूम झालेली. सहा वर्षं त्यांचं रक्त मीच काढत होते. कोपरात त्यांची शीर कधीच सापडत नाही, हे तिला कोण सांगणार?

"दाखला आज मिळायचा नाही," मला बघताच ते म्हणाले.

"राहू दे तो. हात द्या सर, डावा."

त्यांचा गार पडलेला हात मी दोन्ही तळव्यांत धरून थोडा गरम केला. पट्टा बांधला, मनगटाजवळ अंगठ्याच्या वर बोटाने चाचपलं आणि सुई घातली. एका टोचण्यात नळी भरली.

डॉक्टरांनी भरलेल्या नळीकडे एकदा बघितलं. मग नव्या टेक्निशियनला म्हणाले, "कुठून काढलं ते नीट लक्षात ठेव. पुढच्या वेळी शर्मिला नसेल."

मी कापूस लावून दिला.

"टेबलाचा वरचा खण उघड," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

दाखला टाइप करून, सही-शिक्क्यासह तयार होता. खाली तारीख होती ती माझ्या कामाच्या शेवटच्या दिवसाची.

भांडायचं राहूनच गेलं.