दुपारी चार वाजून दहा मिनिटं

"बाई, मला एक जुळी बहीण आहे. ती कुठे सापडेल, तेवढं सांगा."

कॅनडाहून आलेल्या जेसी पेंडरनं ओला कोटही न काढता आपला जन्मदाखला टेबलावर ठेवला आणि जन्मवेळेच्या रकान्यावर बोट टेकवलं. दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

डोलिना मॅकरेनं दाखल्याला हात लावला नाही. चष्मा पुसत तिनं विचारलं, "जुळी असं कोण म्हणालं?"

"आमची शेजारीण. मूळची इंग्लंडची. तिकडे म्हणे जुळ्यांच्याच दाखल्यावर वेळ लिहितात. थोरलं कोण, धाकटं कोण, ते कळावं म्हणून."

"तिकडे लिहीत असतील. इथे स्कॉटलंडात सगळ्यांचीच वेळ लिहितात. माझ्याही दाखल्यावर आहे."

"किती वाजताची?"

"कोण लक्षात ठेवतं!"

गेली तीस वर्षं या गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी डोलिना सांभाळत होती. टपाल कचेरीमागची एक खोली, दारावर तिच्या पूर्ण नावाची पाटी, एक लोखंडी कपाट आणि ती. दर उन्हाळ्यात समुद्रापलीकडून माणसं यायची, कुणाला आजोबांचं घर हवं असायचं, कुणाला पणजीचं. जन्मवेळेचा हा घोळ तिनं आधीही दोनतीनदा निस्तरला होता आणि आलेल्या माणसाबरोबर हसली होती. आज मात्र तिला हसू येईना. एवढ्या लांबून आशेनं आलेल्या बाईला 'नाही' म्हणायचं होतं.

"मूळ वही बघू द्याल?" जेसीनं विचारलं.

डोलिनानं कपाटातून १९२८ची वही काढली. पाठीवरचं साल वाचायची तिला गरज पडली नाही. अशी प्रत्येक वही दोन प्रतींत लिहिली जायची, एक इथे राहायची आणि दुसरी एडिंबराला जायची. एका पानावर तीन नोंदी. वही जेसीकडे वळवण्याआधी डोलिनानं खालच्या दोन नोंदींवर गुलाबी टीपकागद ठेवला आणि त्यावर तळहात दाबून धरला.

"दुसऱ्यांच्या नोंदी दाखवता येत नाहीत. नियम आहे."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," जेसी म्हणाली.

"तसं समजा."

उघड्या नोंदीत होतं: जेसी गन. आई कर्स्टी गन, मोलकरीण. बापाचा रकाना कोरा. जन्मस्थान मॅकरे यांचं घर, आखवेन.

"मॅकरे? तुमचे कोण?"

"अर्धं गाव मॅकरेच आहे, बाई."

जेसी खुर्चीत टेकली. "बापाचं मला ठाऊक होतं. आईनं ते कधी लपवलं नाही. पण माझ्या प्रत्येक वाढदिवसाला ती दोन पुडिंगं करायची, फडक्यात बांधून उकडलेली. एक माझं. दुसरं खिडकीत ठेवायची, मला हात लावू द्यायची नाही. संध्याकाळी ते पाखरांना घालायची. का, म्हणून विचारलं की, गप जेव."

"कधीपर्यंत करत होती?" डोलिनानं विचारलं.

"गेल्या वर्षीपर्यंत. फेब्रुवारीत गेली. हात थरथरायचे, पण दोन म्हणजे दोन."

डोलिनाला भरून आलं, आणि भरून आलं याचाच तिला राग आला. दुसऱ्या हातानं तिनं नाक पुसलं. "म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी खूळ असतं. त्यावरून बहीण सिद्ध होत नाही."

"समजा असती, तर आईवर रागावली असती?"

"असती तर रागावलीच असती. पण नाहीये ना."

जेसीनं टीपकागदावरच्या तिच्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. निदान घर तरी दाखवा."

डोलिनानं वही मिटली आणि खिडकीतून टेकडीकडे बोट केलं. "ती दोन रोवनची झाडं दिसतात? घराच्या दारात लावलेली. घर पडलं, झाडं कुणी तोडली नाहीत. डाव्या हाताला विहीर आहे. तिची तिसरी पायरी हलते, जपून."

"तुम्ही बऱ्याचदा जाता वाटतं?"

"मेंढरं जातात, त्यांच्यामागे आम्ही."

जेसी पहिल्यांदा हसली. "परवाच्या बसनं निघेन म्हणते. उद्या साठावं संपतं माझं. इथे मी उतरलेय तिथल्या घरमालकिणीनं तिची चूल वापरायला दिलीय." तिनं टेबलावरचा एक कोरा अर्ज ओढून घेतला. "जाता जाता नोंदीची एक प्रत मागते."

"दाखला आहे की तुमच्याकडे."

"आणखी एक असू द्या." तिनं डाव्या हातानं अर्ज भरला, घडी घातली आणि वहीवर ठेवला. "एडिंबरात चार दिवस काढले. तिथली माणसं फार भली. अख्खं पान समोर ठेवतात, टीपकागद नाही काही नाही."

दार लागलं. डोलिना तशीच बसून राहिली. भलत्या आशेपेक्षा कोरडं 'नाही' बरं, असं तिनं स्वतःला चारचारदा समजावलं. खिडकीतून तिला जेसीचा ओला कोट टेकडी चढताना दिसत होता. शेवटी कामाला लागावं म्हणून तिनं अर्जाची घडी उलगडली आणि डाव्या हातात पेन घेतलं.

कुणाच्या नोंदीची प्रत हवी: डोलिना गन. जन्मवेळ: दुपारी चार वाजून पस्तीस मिनिटं.

टीपकागद उचलून ताडून बघायची गरज नव्हती. ती नोंद तिला तीस वर्षं पाठ होती.

नोंदीतल्या व्यक्तीशी अर्जदाराचं नातं: बहीण. आणि त्याखाली, जिथे काही लिहायचं नसतं तिथे, दोन ओळी: 'उद्या दोन पुडिंगं करतेय. दुसरं या वर्षी पाखरांना घालायचं नाही. ये.'