तक्रारीची कॉफी

तिसऱ्या चाचणीनेही तेच सांगितलं, तेव्हा तपासनीस बाईंनी चष्मा पुसला आणि यंत्राकडेच संशयाने पाहिलं.

समोरचा डबा साधासुधा नव्हता. बाजारातली सगळ्यात महागडी कॉफी होती ती. पाहुण्यांना देताना लोक आधी डबा दाखवत आणि मग कप पुढे करत. पण गेला महिनाभर तिच्या नावाने बोंब चालली होती. चव बिघडली, कडवट लागते, यात नक्की काहीतरी मिसळलंय. तक्रारींचा ढीग झाला, तसा खात्याने दुकानातून एक डबा उचलला आणि प्रयोगशाळेत पाठवला.

बाई कामाला लागल्या. भाजून दळलेला मका कॉफीत मिसळला की डोळ्यांना कळत नाही. त्यातला स्टार्च मात्र चाचणीत लपत नाही. चोवीस वर्षांत बाईंनी भल्याभल्यांचा माल उघडा पाडला होता. या डब्यात मात्र मका नव्हता. बार्ली नव्हती, चिकोरी नव्हती. होती ती निव्वळ कॉफी.

दुपारी कंपनीचा मालक निकाल विचारायला आला. चेहरा उतरलेला.

"काळजी सोडा," बाई म्हणाल्या. "कणभरही भेसळ नाही."

मालक मटकन खुर्चीत बसला. "कणभरही? नीट बघितलंत ना? थोडा तरी मका असेलच."

"तीनदा बघितलं. शंभर टक्के शुद्ध."

त्याने उठून दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, हात जोडतो. भेसळ सापडली असं लिहा. महिन्याभराचा माल परत घेतो, दंड भरतो आणि सुटतो."

"अहो, शुद्ध मालाला भेसळ कशी म्हणू?"

"भट्टीवरचा जुना माणूस महिनाभर रजेवर आहे. नव्याला मक्याचं सांगायचं राहून गेलं वाटतं." मालकाने कपाळ टिपलं. "हा डबा शुद्ध ठरला, तर वीस वर्षं आम्ही काय पीत होतो, असं लोक विचारतील."

बाईंनी अहवालावर 'शुद्ध' असं लिहून शिक्का मारला, ठसठशीत. मालकाने मान खाली घातली.

"मका किती घालता?" बाईंनी करड्या आवाजात विचारलं.

आता लपवून उपयोग नव्हता. "शंभरात तीस," तो पुटपुटला.

बाईंनी चिठ्ठीवर आकडा टिपला. चिठ्ठी मात्र फाइलला न लावता स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

"घरी या महिन्यातले तुमचे दोन डबे तसेच पडलेत," त्या हळूच म्हणाल्या. "कुणी तोंडाला लावत नाही."