पेस्ट केलेला फोटो

पेणकरपाड्यातल्या फ्लेक्सच्या दुकानात तेजश्री परशुरामकाकांचा श्रद्धांजलीचा बॅनर करत होती. माउसला हात न लावता तिनं सवयीनं कंट्रोल सी, कंट्रोल व्ही दाबलं. मूळ फोटोत काका समोर बघत होते. पेस्ट झालेल्या फोटोत ते डावीकडे बघत होते. तिकडे स्टुलावर त्यांच्या पत्नी रखमाकाकी बसल्या होत्या.

तिनं कंट्रोल झेड करून पुन्हा पेस्ट केलं. तेच.

उकडतंय म्हणून काकी उजवीकडे पंख्याखाली जाऊन बसल्या. तेजश्रीनं परत पेस्ट केलं. काका आता उजवीकडे बघत होते.

"बरा आलाय ना गं फोटो?"

"हो काकी. तुम्ही जा घरी, झाला की मीच आणून देते."

कॉम्प्युटरपलीकडच्या दारातून काकी हळूहळू बाहेर पडल्या. तेजश्रीनं शेवटचं पेस्ट केलं.

फोटोत काकांची पाठ होती.