वरचा तलाव

काठीचं पुढचं टोक बजरंगच्या हातात होतं, मागचं संतरामच्या. खडक आला की बजरंग नुसतं "खडक" म्हणायचा आणि त्याचा थोरला भाऊ पाय उचलायचा.

"सागाची पानं लागली पायाला," संतराम म्हणाला. "म्हंजे शेवटचा चढ राह्यला."

शिरड शहापूरच्या रस्त्यावर मोटारसायकल लावून आठ वाजता दोघं डोंगराला लागले होते. आता साडेदहा होत आले. एकटा असता तर बजरंग तासाभरात वर पोचला असता.

साखरेच्या आजारानं संतरामचे डोळे जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याआधी तीस वर्षं त्यानं या डोंगरातल्या वाड्या-तांड्यांवर टपाल वाटलं. टपाल असो नसो, वरच्या तलावावर त्याची खेप ठरलेली. झडीचा पाऊस थांबला की एकदा, सोयाबीन निघायच्या दिवसांत एकदा, पळस फुलला की एकदा. सोबत धाकट्या भावाला न्यायचा. डोळे गेल्यावरही त्यानं खेपा मोडल्या नाहीत. आता भाऊ त्याला आणायचा.

बजरंगचा फोन वाजला. त्याची बायको दिपाली होती. शेतातल्या मळणीयंत्राच्या आवाजावर ओरडून बोलत होती, म्हणून संतरामलाही सगळं ऐकू आलं.

"हडंबा येऊन उभा हाय! सोयाबीन कोन टाकनार त्यात? दुसऱ्याच्या वावरात निघून चालला तो! अन् तुमी तिकडं आंधळ्याला तलाव दाखवून राहिले!"

बजरंगनं फोन बंद केला.

"पोचलोच आता," संतराम म्हणाला. "चढ संपला बघ."

चढ संपला होता. पुढं तलाव होता. औंदा परतीचा पाऊस भरपूर झाला होता. पाणी पाळीला टेकलं होतं. पलीकडच्या अंगाला कमळं, मधे पाणकोंबड्या. काठावरचा जुना उंबर पाण्यात वाकून उभा होता. वारं मागून, उतारावरून येत होतं. संतराम उंबराखाली थांबला आणि त्यानं काठी सोडली.

"हं. सांग."

बजरंगनं पाण्याकडं पाहिलं. मग भावाकडं.

"दादा, पाळ फुटली."

"काय?"

"पाळ फुटली तलावाची. पानी सगळं वाहून गेलं. नुसता गाळ राह्यला."

संतराम चाचपडत खाली बसला.

"कधी रे?"

"ह्या पावसात असंल."

"गावात कोनीच बोललं न्हाई."

"वर येतंच कोन? आपल्याबिगर कोनाला तकलीफ हाय त्याची?"

संतरामनं बराच वेळ हाताची बोटं गुडघ्यावर घासली. "अन् मासे? मोठाल्या मरळ होत्या."

"मेल्या. कावळे खाऊन राहिले."

"कमळं?"

"वाळली."

पहिल्या वाक्याला बजरंगची जीभ जड झाली होती. आता ती सैल सुटली.

"उंबर तरी हाय का?"

"पडला. मुळासकट उपसून पडला."

उंबराची सावली संतरामच्या तोंडावर हलत होती. त्यानं मान वर केली, थोडा वेळ तशीच ठेवली, मग खाली घातली. पाण्यात काहीतरी ओरडलं.

"ते काय वाजलं?"

"टिटवी. गाळातले किडे टिपून राहिली."

"असं."

खिशातून रुमाल काढून संतरामनं डोळे पुसले. दिसत नव्हतं तरी पाणी यायचं त्यांना. बजरंग घड्याळ बघत होता.

"तुला इथंच पोहायला शिकवलं मी," संतराम म्हणाला. "लई भ्यायचास. माझी मान आवळून धरायचास. सोड म्हनलं तरी सोडायचा न्हाईस."

"व्हय."

"बुडवतो का काय मला, असं वाटायचं."

"दादा, चला. ऊन व्हायलं." बजरंगनं काठी उचलली. मग जे बोलायला त्यानं एवढं सगळं रचलं होतं ते बोलला. "आता काय ठेवलंय इथं? कशाला यायचं पुन्हा?"

"व्हय," संतराम म्हणाला. "कशाला यायचं."

"तुमालाच दगदग."

"मलाच. बराबर हाय."

तो गुडघ्यावर हात टेकून उठला. उठता उठता त्याच्या पायाला एक धोंडा लागला. वाकून त्यानं तो उचलला, तळहातावर तोलून पाहिला.

"काहून? काय करता?" बजरंग पुढं झाला. पण टपालाची थैली पेलून घट्ट झालेला तो दंड मागं जाऊन आला होता. धोंडा सुटला.

डुबुक्.

पाणकोंबड्या फडफडत, पाण्यावर पाय आपटत पलीकडं पळाल्या. लाटांची वर्तुळं काठाला आली, दगडांवर चुळूचुळू वाजली. बजरंग ती विरेपर्यंत बघत राहिला.

संतरामनं कान दिला होता. पाणी पुरतं शांत झालं तेव्हा तो वळला.

"गाळ लई वला हाय रे अजून," तो म्हणाला आणि काठीसाठी हात पुढं केला.