टेकडीवरून येणारी ऊब

ऊब अंगाला लागली, की ती कुठून आली हे विचारावेसे माणसाला बहुधा वाटत नाही. त्यात लबाडी नसते. सुखाचा स्वभावच तसा आहे. परंतु ज्याला ते ठाऊक असते, त्याला ती ऊब घेताना मन घट्ट करावे लागते, आणि अडवून धरताना त्याहूनही अधिक.

बंबकाकूंनी स्वयंपाकघरातील मोठा व्हॉल्व्ह पिळून बंद केला आणि त्या त्याच्याकडेच पाहत उभ्या राहिल्या.

इमारतीच्या सगळ्या मजल्यांचे गरम पाणी त्यांच्याच घरातून वर चढत असे. एके काळी तळघरात कोळशाचा बंब होता. तो सांभाळणारे म्हणून त्यांचे यजमान सर्वांचे बंबकाका झाले. पुढे, लेकरांच्या छातीत काजळी साठते आणि आभाळालाही आता हा धूर सोसवत नाही, असे म्हणत काकांनी स्वतःच्या हातांनी तो बंब विझवला. टेकडीवरच्या भट्टीची उष्णता नुसतीच हवेत जात होती. कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून त्यांनी ती पाइपांतून इमारतीपर्यंत आणली. नाव मात्र बंबकाकाच राहिले.

सकाळी काका त्याच टेकडीकडे निघाले होते.

"मोटार बोलावू का?" मुलाने विचारले होते.

"जन्मभर मोटारीत पाऊल टाकलं नाही त्यांनी," काकू म्हणाल्या, "आणि आज बसवतोस?"

मग जुन्या कामावरच्या मित्रांनी तीनचाकी मालसायकल दारात आणली. एवढ्या गारठ्यात काका साध्या सुती सदऱ्यावर निघाले. लोकर तिथे चालत नसे. बटणे काकूंनीच लावली. एरवी घराबाहेर पडताना दहा सूचना देणारा माणूस आज अवाक्षर बोलला नाही.

"आयुष्यभर लोकांची थंडी वाहत फिरलात," काकू रिकाम्या खोलीला उद्देशून म्हणाल्या. "आज तरी घरी थांबायचं होतं."

आजची ऊब त्यांना नको होती. निदान आजचा दिवस हे घर थंडच राहू दे, असे त्यांनी ठरवून टाकले होते.

एवढ्यात दार वाजले. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची, नुकतीच राहायला आलेली सून तान्ह्या लेकीला शालीत गुंडाळून उभी होती.

"काकू, पाइप नुसते बर्फ झालेत हो! कालपासून हिला जवळ घेऊन बसलेय. हिचे ओठ बघा ना."

ओठ निळसर पडले होते. बाळ रडतही नव्हते.

"टेकडीवर काम नव्हतं," काकू म्हणाल्या.

"म्हणजे? संप आहे की काय?"

"नाही गं. काम आलंच नाही."

"अगंबाई! मग काम यावं म्हणून आता देवाला साकडं घालायचं का?"

काकूंनी चटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. "असं बोलू नये."

ती ओशाळून हसली. "तुम्ही पण ना! बरं, आज तरी येईल का?"

"आज गेलंय."

"सकाळी सगळे सायकल ढकलत निघाले होते, तेच ना? वरून पाहिलं मी. सायकलवर केवढी अवजारं झाकून नेत होते! काकांना म्हणावं, जरा जोर लावा."

"त्यांना सांगावं लागत नाही," काकू म्हणाल्या आणि बाळाच्या तळपायाला त्यांनी बोट लावले. तो गारवा त्यांच्या बोटांच्या ओळखीचा होता.

त्या आत गेल्या. हात व्हॉल्व्हवर ठेवून बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग ओठ आवळून त्यांनी तो उलटा फिरवला, पुरता उघडेपर्यंत.

आधी पाइपात आतून कुणी बोटाच्या पेराने वाजवावे तसे टकटकले. मग खालून वर, हळूहळू, ऊब सरकत आली. काकूंनी तळवा टेकवला, काढून घेतला आणि पुन्हा टेकवला.

"आली, आली!" सुनेने बाळाला पाइपाजवळ धरले. थोड्या वेळाने ओठांवर रंग चढला आणि लेक खणखणीत आवाजात रडू लागली. तिची आई हसत होती, डोळे पुसत होती. "काका आले की सांगा हं, काकू. त्यांचे हे उपकार कधी फिटायचे नाहीत."

दारात मुलगा येऊन उभा राहिला होता. त्याच्या हातात वडिलांचा चष्मा होता.

"आई," तो म्हणाला, "बाबांना टेकडीवरच्या दाहिनीत ठेवलं. पेटेपर्यंत तिथंच उभा होतो."

काकूंनी पाइपावरचा हात काढला नाही. दुसरा हात त्यांनी त्या इवल्याशा डोक्यावर ठेवला. "औक्षवंत हो, बाळा."