हवंय की नको?

आनंदाच्या उजव्या डोळ्यासमोर धुकं साचलं होतं, पण कामोठ्याच्या पोरांना शाळेत नेणारी व्हॅन आपण होऊन सोडायची हिंमत त्याला होत नव्हती. घर त्याच व्हॅनवर चालायचं. लायसन्स नव्यानं करायची वेळ आली, तेव्हा उलट त्याला हायसं वाटलं. आता डोळे तपासून सरकारच नको म्हणेल आणि आपण सुटू.

पनवेलला लायसन्सची कामं करून देणाऱ्या एजंटानं त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं मान वर न करता तब्येतीच्या दाखल्यावर सही केली.

"डॉक्टर, डोळे तपासा ना. उजव्यानं दिसत नाय."

डॉक्टरचं पेन थांबलं. "तुम्हाला लायसन्स हवंय की नको?"

आनंदानं हात पुढे करून दाखला घेतला. एजंटानं हसत त्याचा दंड धरला आणि पुढच्या रांगेत नेऊन उभं केलं.

त्या संध्याकाळी त्यानं मन घट्ट करून बायकोला सगळं सांगितलं. चंद्रावतीनं आधी दार लोटून घेतलं.

"मना म्हाईत हाय," ती खालच्या आवाजात म्हणाली. "पन आता सरकारनंच पास केलंय. परत कोनापाशी बोलू नका."

सकाळी शाळेच्या छोट्या रियाला तिच्या आईनं व्हॅनमध्ये बसवलं आणि ड्रायव्हरच्या खिडकीशी येऊन म्हणाली, "काका, सावकाश हं."

उजवीकडच्या धुक्यात आनंदाला तिचा चेहरा दिसला नाही. आवाजाच्या अंदाजानं त्यानं हसून मान डोलावली आणि गाडी सुरू केली.